कात्रणाची पेटी

रविवारी दुपारी विहीणबाई जिना चढून वर आल्या, तेव्हा घरात मांजरांच्या बाजूनं दीड मत होतं आणि विरुद्ध साडेतीन. आत्याबाईंनी ही मोजदाद सकाळीच अंथरुणात पडल्यापडल्या केली होती. आपलं स्वतःचं एक. सुनेचं अर्धं, कारण पोटुशी बाईला काय आवडतं यापेक्षा तिला काय मानवतं हे बाकीच्यांनाच जास्त कळतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. तेव्हा तिचं मत पूर्ण कोण धरणार? विरुद्ध बाजूला पहिल्या वहिनी. आत्याबाईंची भावजय, आणि भाऊ गेल्यापासून या बायंडिंगच्या कारखान्याची मालकीण. मग थोरला पुतण्या, म्हणजे सुनेचा नवरा. मग विहीणबाई. आणि उरलेलं अर्धं मत धाकट्या पुतण्याचं, कारण तो ज्याच्या हातचा चहा पीत असेल त्याच्या बाजूचा असे, आणि आज चहा वहिनी करणार होत्या.

मांजरं दोन. एक साहेब, बारा वर्षांचा, पांढऱ्या छातीचा बोका, कुणी खुर्चीतून उठवलं तर अर्ज नामंजूर केल्यासारखा बघणारा. दुसरी चिंधी, दीड वर्षाची, कापडाच्या तुकड्यांत सापडलेली म्हणून चिंधी. खाली कारखाना, वर घर. कारखान्यात रोज पातेलंभर मैद्याची खळ शिजे, ती आत्याबाई शिजवत, आणि खळीच्या वासावर उंदीर येत. एका हिवाळ्यात उंदरांनी कोर्टाची बांधायला आलेली चाळीस रजिस्टरं पाठीकडून कुरतडून ठेवली होती. तेव्हापासून मांजर हे या घरात लाडाचा प्राणी नव्हे, तर कामावरचं माणूस होतं.

पण सुनेला दिवस गेले आणि सगळं फिरलं. मागच्या वर्षीही दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात जे झालं त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. फक्त त्यानंतर थोरला जिन्यात बायकोच्या एक पायरी खाली चालू लागला होता, तिचा पाय घसरलाच तर ती आपल्यावर पडावी म्हणून. आता अकरावा आठवडा चालू होता.

“मी बसायला आलेली नाही,” विहीणबाई बसत म्हणाल्या. मोठ्या इस्पितळाच्या धुलाई विभागात बत्तीस वर्षं नोकरीत असलेली बाई. पदर, केस, बोलणं, सगळं इस्त्रीचं. “सरळच सांगते. एक तर ती जनावरं जातील, नाहीतर माझी मुलगी बाळंत होईपर्यंत माझ्याकडे राहील. यात तिसरं काही नाही.”

आत्याबाईंनी वहिनींकडे पाहिलं. महिनाभर याच वहिनी सकाळ-संध्याकाळ म्हणत होत्या, “वन्सं, तुमच्या साहेबांची बदली करा आता.” आता त्या म्हणाल्या, “विहीणबाई, चहात साखर किती?”

“चहा नको.”

“तसं नाही. आमच्याकडे आलेलं माणूस चहा घेतं, मग काय ते सांगतं. तुमच्याकडे आधी हुकूम आणि मग चहा, अशी पद्धत असेल.”

धाकट्यानं आत्याबाईंना डोळा मारला. वहिनींचं मत हललं होतं! चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढल्यावर आत्याबाईंना भावजयीची एक गोष्ट पाठ होती: वहिनी स्वतः ज्याला शिव्या घालतील, त्याला बाहेरच्यानं शिवी घातलेली त्यांना चालत नसे. नवऱ्याच्या बाबतीत तेच, कारखान्याच्या बाबतीत तेच, आणि देवाच्या कृपेनं आता साहेबांच्याही बाबतीत तेच.

“हुकूम नाही हो,” विहीणबाई जरा नरमल्या. “आईचा जीव आहे. मांजरामुळे गर्भाला बाधा होते हे काय मी माझ्या मनचं सांगतेय? आमच्या इस्पितळातल्या नर्स सांगतात.”

“मांजरामुळे नाही, आई. मांजराच्या घाणीमुळे,” सून म्हणाली. ती कारखान्यात शिवणीला बसायची. फर्म्यांना, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांना, दोरा घालणारा तिच्यासारखा हात वहिनींच्या मते गावभर नव्हता, अर्थात हे त्यांनी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. सुनेनं स्वतःच बांधलेली एक छोटी वही काढली. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं लिहून आणलंय. वाचू?”

“वाच,” थोरला म्हणाला.

“एक जंतू असतो. मांजर उंदीर किंवा कच्चं मांस खातं, तेव्हा तो त्याच्या पोटात जातो आणि पुढे दोन-तीन आठवडे घाणीतून बाहेर पडतो. ती घाण हाताला लागली आणि हात तोंडात गेला, तर मला लागण होऊ शकते, आणि माझ्याकडून बाळाला. पण मांजर मांडीवर बसलं, अंगाला घासलं, तर त्यानं सहसा काही होत नाही.”

“झालं!” विहीणबाई म्हणाल्या. “उंदीर! आणि इथं तर उंदीर मारायलाच ठेवलीत ती.”

“पुढे तर ऐक. घाण रोजच्या रोज काढायची, कारण ती ताजी असताना जंतू लागत नाहीत. एक-दोन दिवस पडून राहिली की मग ते पिकतात. मी ती काढायची नाही, दुसऱ्या कुणीतरी काढायची. मांजरांना शिजवलेलंच खायला द्यायचं. मी कुंडीतली माती उकरायची नाही, उकरलीच तर हातमोजे. भाजी धुऊन, मांस पूर्ण शिजवून. जेवायच्या आधी हात साबणानं. आणि मांजरं घराबाहेर काढायची गरज नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, म्हणून मी दोनदा लिहिलंय. बघ.”

विहीणबाईंनी खरंच वही घेऊन पाहिलं. दोनदा लिहिलेलं होतं.

“आणि हे सगळं आम्ही करतोय,” थोरला म्हणाला. हा मुलगा कटिंग मशीनवर उभा राहून एका दमात पाचशे कागद सुतात कापायचा, पण सासूसमोर त्याचं बोलणं कधी सरळ रेषेत जात नसे. “म्हणजे, करतोय म्हणजे, तिला शिवणीवरूनही उठवलंय. वाकून पाठ धरायची. शिवाय सरसाच्या वासानं मळमळायचं. खिडकीशी बसवलंय, वारा येतो. आत्यानंच सुचवलं. अगदी हलकं काम दिलंय.”

“कसलं काम?”

“पट्ट्या निवडायच्या. मशीनखाली जे कात्रण पडतं ना, ते पेटीत भरतो. त्यातल्या लांब सरळ पट्ट्या काढायच्या, रजिस्टरात खुणेला घालतो त्या. बसल्याबसल्या होतं. बिस्किटांचा डबा शेजारी ठेवून दिलाय. पोट रिकामं राहिलं की तिला उमळून येतं.”

“एक पट्टी, एक बिस्किट,” सून हसली. “पट्ट्या मागे पडतायत, बिस्किटं पुढे आहेत.”

विहीणबाईंच्याही ओठांचा कोपरा हलला. आत्याबाईंनी मनातल्या मनात पारडं पुन्हा पाहिलं. वहिनी इकडे आल्या. थोरला बायकोच्या वहीमागे उभा राहिला. वहिनींनी चहा आणला, विहीणबाईंनी तो घेतला, म्हणजे धाकटाही आलाच. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी हळूच उचलावा तसं त्यांना वाटलं. साहेब आणि चिंधी गेले असते तर त्याही गेल्या असत्या. तसं त्या कुणाला बोलल्या नव्हत्या, पण कपडे भरायला ट्रंक रिकामी करून ठेवली होती. कुठे जायचं ते मात्र ठरलं नव्हतं. सत्तरीच्या, लग्न न केलेल्या बाईला बायंडिंगची खळ शिजवण्यापलीकडे जगात कुठे जागा असते, हा प्रश्न त्यांनी रात्रीवर ढकलला होता.

“आणि ती घाण कोण काढतं?” विहीणबाईंनी कपबशी खाली ठेवत विचारलं. सवयीनं त्यांनी बशीखालचा ओघळ रुमालानं टिपला.

“मी!” धाकटा पुढे झाला. कारखान्याचा माल पोचवणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही त्याची कामं. “काकू, माझा ट्रे तुम्ही येऊन बघा. तुमच्या इस्पितळात असा स्वच्छ ट्रे नसेल. रोज सकाळी फिनेल टाकून खसाखसा घासतो. पुन्हा संध्याकाळी फिनेल. नवी वाळू. आणि साहेबसुद्धा इतके शहाणे झालेत, की पहिले दोन-तीन दिवस सोडले तर मला काही काढावंच लागलं नाही. ट्रे कोराच! तीन आठवडे झाले. मी म्हटलं, चला, मांजरांनीसुद्धा बाळासाठी काटकसर सुरू केली.”

सगळे हसले. विहीणबाईही हसल्या.

आत्याबाई हसता हसता थांबल्या.

दिवसातून तीन वेळा त्या दोघांना वाढत होत्या. शिजवलेली मासळी, भात, दूध. ताटल्या चाटूनपुसून रिकाम्या होत होत्या. चिंधी तर या महिन्यात अंगानं भरली होती. दोन मांजरं तीन वेळा खातात आणि ट्रे तीन आठवडे कोरा?

“मी जरा खळीचं झाकण बघून येते,” त्या म्हणाल्या.

“रविवारी कसली खळ, आत्या?”

“कालची उरलीय. साय धरेल.”

जिन्याच्या बारा पायऱ्या त्या कठड्याला धरून उतरल्या. कारखाना बंद, मशीनवर कापड टाकलेलं, दाबाच्या यंत्राखाली रजिस्टरांची चळत. खिडकीशी सुनेची खुर्ची होती, पाठीला उशी लावलेली. ती उशी आत्याबाईंनीच शिवली होती. खुर्चीच्या उजव्या हाताला कमरेइतकी उंच लाकडी पेटी, कात्रणानं काठोकाठ. डाव्या हाताला बिस्किटांचा डबा.

पेटीत चिंधी बसली होती.

नुसती बसली नव्हती. मागचे पाय रोवून, शेपटी ताणून, समोर कुठंतरी लांब बघत, ज्या गंभीर चेहऱ्यानं मांजरं हे एकच काम करतात त्या चेहऱ्यानं बसली होती. झालं तसं तिनं पुढच्या पंजानं मऊ पांढरं कात्रण ओढून व्यवस्थित झाकलं, आत्याबाईंच्या पायाला अंग घासलं आणि निघून गेली.

आत्याबाईंनी कोपऱ्यातली लाकडी पट्टी घेऊन कात्रण वरखाली केलं. एक थर. त्याखाली दुसरा. जुनं, वाळलेलं, पिकलेलं. रद्दीवाला महिन्यातून एकदा पेटी न्यायचा, आणि थोरला रोज वरून ताजं कात्रण टाकायचा. सरसाच्या आणि खळीच्या वासात दुसरा कुठला वास कुणाला यायचा? फिनेलच्या वासानं मांजरं ट्रेजवळ जात नव्हती. त्यांना जगातली सगळ्यात मऊ जागा सापडली होती. आणि तीन आठवडे रोज, सकाळी दहा ते एक, सुनेचा एक हात या पेटीत होता आणि दुसरा बिस्किटांच्या डब्यात.

तिला इथं बसवायचं कुणी सुचवलं होतं?

आत्याबाई त्याच खुर्चीत बसल्या. मग, खोटं कशाला सांगायचं, त्यांच्या डोक्यात नको ते आलं. पेटी आत्ता गोणीत भरून मागच्या दारानं कचऱ्यात जाईल. पाच मिनिटांचं काम. उद्यापासून पेटीला झाकण. धाकट्याला सांगायचं, फिनेल नको, नुसतं गरम पाणी घाल. सुनेला म्हणायचं, पट्ट्या पुरे झाल्या, तू वर बस. कुणाला काही कळणार नाही. साहेब राहतील, चिंधी राहील, ट्रंकेत जुनं सामान पुन्हा टाकता येईल. आणि जे व्हायचं असेल ते झालंच असेल किंवा नसेलच. आपण बोलल्यानं ते थोडंच बदलणार?

पण सुनेच्या वहीत आणखी एक ओळ होती. तिनं ती आईसमोर वाचली नव्हती, पण दोन दिवसांपूर्वी आत्याबाईंना दाखवली होती. शंका आली तर रक्त तपासायचं, आणि लवकर तपासायचं, कारण लागण झाली असेल तर औषध असतं. शंका येणार कशी? जिला आली ती इथं खुर्चीत बसली होती.

वरून वहिनींचा आवाज आला, “वन्सं, खळ शिजवताय की कणिक दळताय? या वर! तुमच्या साहेबांचा निकाल लागला!”

त्या वर पोचल्या तेव्हा विहीणबाईंच्या हातात दुसरा कप होता.

“आत्याबाई,” विहीणबाई म्हणाल्या, “मी उगाच तापले. तुम्ही मंडळी इतकं बघताय, तर राहू दे मुलगी इथं. आणि राहू देत ती जनावरंही.”

“पाचाला शून्य!” धाकटा म्हणाला. “आत्या, पेढे नाहीतर निदान भजी तरी.”

आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी पदरानं हात पुसले, पुन्हा पुसले.

“ट्रे कोरा आहे,” त्या म्हणाल्या, “कारण मांजरं कात्रणाच्या पेटीत जातायत. मी आत्ता बघितलं. खाली जुनं आहे. बऱ्याच दिवसांचं.”

क्षणभर कुणाला काही उलगडलं नाही. सगळ्यात आधी उलगडलं ते सुनेला. तिनं आपला उजवा हात मांडीवरून उचलला आणि तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा अंगापासून लांब धरला.

“मी तिला तिथं बसवलं,” आत्याबाई म्हणाल्या. “हलकं काम म्हणून. मीच.”

थोरला उठला आणि पुन्हा बसला. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. “फिनेल,” तो पुटपुटला. “आत्या, मी दोनदा घालत होतो गं. चांगलं म्हणून.”

“मला ठाऊक आहे रे.”

आता विहीणबाई काय करतात, हे बघायची कुणाची हिंमत नव्हती. वहिनींनी पदर खोचला. जे काही येईल ते अंगावर घ्यायला त्या तयार होत्या, आणि कुणाच्या बाजूनं घ्यायचं हे त्यांचं त्यांनाही माहीत नसावं.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. उठल्या. बाह्या वर सारल्या.

“साबण कुठंय? पोरी, चल आधी हात धू. कोपरापर्यंत. नखं काप. ही कात्री चालेल. जावईबापू, डॉक्टरीणबाईंना फोन लावा आणि सांगा: शंका नाही, खात्री आहे, तीन आठवडे रोज संपर्क, कुठली तपासणी आणि कधी. धाकटे बापू, रबरी हातमोजे आहेत का घरात? सरसाचे? चालतील. तोंडाला फडकं बांधा. कोरडं ढवळायचं नाही, धूळ उडते; आधी पाणी मारायचं, मग पिशवीत पिशवी. बिस्किटांचा डबा फेकून द्या. बत्तीस वर्षं मी लोकांची घाण उगाच नाही हाताळली.”

घर एकदम हललं. हुकूम, हुकूम आणि हुकूम, आणि वहिनी एका शब्दानंही अडल्या नाहीत. उलट गरम पाण्याची बादली त्यांनी स्वतः खाली नेली.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर दहा मिनिटं दिली. उद्या सकाळी रक्त. आत्ता काही नसलं तरी चार आठवड्यांनी पुन्हा, कारण लागण ताजी असेल तर पहिल्या तपासणीत दिसतेच असं नाही. घाबरू नका. म्हाताऱ्या बोक्याकडून धोका कमी, नव्यानं शिकार करू लागलेल्या तरुण मांजरीकडून जास्त. पण तीही या दिवसांत आजारी असेलच असं नाही. आणि थोरल्यानं विचारलं नव्हतं तरी त्या म्हणाल्या, मांजरं घालवू नका, पेटीला झाकण घाला. त्यांना कारखान्यात सोडू नका, म्हणजे शिकार बंद. आणि हे ज्यांच्या लक्षात आलं त्यांना माझ्यातर्फे धन्यवाद सांगा, बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही.

थोरल्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला. कुणी आत्याबाईंकडे पाहिलं नाही, कारण आत्याबाई तिथं नव्हत्या.

त्या आपल्या खोलीत ट्रंक भरत होत्या. चार लुगडी, भावाचा फोटो, खळीचा लाकडी चाटू. साहेब ट्रंकेच्या झाकणावर बसून सगळं तपासत होता.

“चाटू कुठे चालला?” दारातून वहिनींचा आवाज आला. “तो कारखान्याचा आहे.”

“चाळीस वर्षं माझ्या हातात होता, वहिनी.”

“म्हणूनच कारखान्याचा.” वहिनी आत आल्या, साहेबाला त्यांनी जन्मात पहिल्यांदाच दोन हातांनी उचललं आणि पलंगावर ठेवलं. साहेबालाही ते इतकं अनपेक्षित होतं की तो काही बोलला नाही. “वन्सं, तुम्ही गप्प राहिला असता तर कुणाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही.”

“आणि मनात आलं नाही?”

“आलं ना. पाच मिनिटं खुर्चीत बसून होते. त्या पाच मिनिटांची लाज वाटतेय.”

वहिनी पलंगाच्या कडेवर टेकल्या. “मागच्या वर्षी पोरीचं जे झालं, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तू जड गठ्ठा उचललास म्हणून झालं. आठवतं? डॉक्टरांनी सांगितलं होतं की तसं काही नसतं. तरी मी म्हटलं. कारण तो गठ्ठा मीच तिला उचलायला सांगितला होता.” त्या ट्रंकेतल्या लुगड्याची घडी उगाचच मोडून पुन्हा घालत राहिल्या. “तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. मला वर्ष झालं, जमलेलं नाही. तेव्हा ट्रंक भरणं बंद करा, आणि तुम्हाला जायचंच असेल तर आधी मला शिकवून जा, असं कसं बोलायचं ते.”

सून दारात उभी होती. हात धुऊन धुऊन लाल झालेले. तिनं सगळं ऐकलं होतं का अर्धंच, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

“सासूबाई, तो गठ्ठा हलकाच होता,” ती म्हणाली. “मी उचलायच्या आधी सोडून घेतला होता. अर्धाच उचलला. मी कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही रागावाल वाटलं.”

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. आत्याबाईंनी सुनेला खूण केली, तशी ती आत येऊन दोघींच्या मधे बसली. पलंग करकरला, साहेब खाली उतरला.

“आई विचारतेय, येतेस का माझ्याकडे,” सून म्हणाली. “मी म्हटलं, नाही. इथं जे बिघडतं ते मला कळतं तरी. आणि आत्याबाई, उद्या रक्त द्यायला तुम्ही चला माझ्याबरोबर. तुमच्या थोरल्याला नको. सुई बघून हा पडतो आणि मग दोघांना धरावं लागतं.”

पहिल्या तपासणीत काही निघालं नाही. याचा अर्थ डॉक्टरीणबाईंनी नीट समजावला: पूर्वी कधी लागण झालेली नाही, म्हणजे अंगात त्याविरुद्ध संरक्षणही नाही, तेव्हा आनंद अर्धाच, आणि काळजी पूर्ण. मग चार आठवडे घरानं असे काढले, की भांड्यावर भांडं आपटलं तरी सगळे एकमेकांकडे बघत. पेटीला झाकण आलं, झाकणाला कडी आली. मांजरं आत्याबाईंच्या खोलीत आणि गच्चीच्या जाळीआड. ट्रे धाकटा रोज काढे, हातमोजे घालून, गरम पाण्यानं. आणि आता त्यात रोज काही ना काही असे, त्याची बातमी तो निवडणुकीच्या निकालासारखी जेवणाच्या टेबलावर जाहीर करू लागला, तेव्हा वहिनींनी त्याला टेबलावरून उठवलं. कारखान्यात उंदरांसाठी पिंजरे लागले. सून पुन्हा शिवणीला बसली, अर्धा दिवस, उंच खुर्चीवर, कारण तिनं स्पष्ट सांगितलं की तिच्यासाठी हलकं काम आता कुणी शोधू नये.

विहीणबाई दर बुधवारी येत. झाकणाची कडी ओढून बघत, भाजी कुणी धुतली ते विचारत, आणि जाताना आत्याबाईंना फक्त “येते” म्हणत. त्यापेक्षा जास्त नाही. आत्याबाईंनीही त्यापेक्षा जास्त मागितलं नव्हतं. त्यांनी ट्रंक रिकामी केली नव्हती आणि पूर्ण भरलीही नव्हती.

दुसऱ्या तपासणीचा कागद शुक्रवारी अकराच्या सुमारास आला. आत्याबाई कारखान्यातल्या चुलीपाशी खळ ढवळत होत्या. ढवळणं थांबवलं तर गुठळ्या होतात, म्हणून त्या थांबल्या नाहीत. थोरल्यानं पाकीट फोडलं. त्यानं कागद आडवा धरला, मग उभा, मग बायकोकडे दिला. सुनेनं वाचला.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही. स्वच्छ आहे.”

थोरल्यानं चालू मशीन बंद केलं. एवढं एकच त्याला सुचलं. वहिनी दाबाच्या चाकाला धरून उभ्या राहिल्या आणि काही वेळानं कुणाला तरी उद्देशून म्हणाल्या, “बरं झालं हो. फार बरं झालं.” कुणाला ते कळलं नाही, भिंतीवर नवऱ्याचा मोठा फोटो होता, त्यालाही असेल. धाकटा ओरडत जिन्यानं वर गेला आणि साहेबाला बातमी देऊन आला.

सुनेनं आईला फोन लावला. दोनच वाक्यं बोलली. मग पलीकडचं ऐकत राहिली, बराच वेळ, मग फोन आत्याबाईंपुढे धरला. “आई. तुम्हालाच दे म्हणतेय.”

आत्याबाईंनी चाटू वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी ढवळायला घेतलं, उलट्या दिशेनं, पण आज त्यांना कोण टोकणार?

“बोला, विहीणबाई.”

पलीकडे धुलाईघराची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी गाडा ढकलत नेल्याचा आवाज.  

“आत्याबाई,” विहीणबाईंचा आवाज आला, इस्त्री मोडलेला. “मांजरं कशी आहेत?”

 आत्याबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बरी आहेत,” त्या म्हणाल्या. “आत्ताच जेवलीत दोघं.”